मढफुलाची साक्ष

सन एकोणीसशे चौऱ्याहत्तर, शाबान महिन्याचा अखेरचा आठवडा. पूर्वेकडल्या बेटावरच्या मिनांगकाबाऊ मुलुखातील अगाम प्रांत, आणि त्या प्रांतात सिंगालांग पर्वताच्या उत्तर उतारावर वसलेली लुबुक सिरिह ही नगरी, म्हणजे तिथल्या बोलीत गाव. त्या आठवड्याच्या सोमवारी नगरीच्या वरच्या अंगाची दरड कोसळली, आणि त्याच सकाळी नीरा उतरवायला घळीत गेलेले दातुक मंगकुतो अलाम परत आले नाहीत.

दातुक हे नाव नव्हे, पद होय. आणि मंगकुतो अलाम, म्हणजे जगाचा मुकुट, हे त्या पदासोबत कुळात चालत आलेले बिरूद. जन्माच्या वेळी ठेवलेले नाव मार्जुकी. परंतु ज्या दिवशी त्यांच्या मस्तकावर कुळाची चुणीदार पगडी चढली, त्या दिवसापासून ते नाव मोठ्याने उच्चारणे हा प्रमाद ठरला, आणि तो आजवर कोणी केलेला नव्हता. घर आणि शेत बायकांचे, नगरीच्या सभेतला शब्द मामाचा, आणि मामाच्या मागे पगडी भाच्याची, असा तिथला व्यवहार आहे. बाप या हिशेबात येतो तो पाहुण्यासारखा.

भाचा एकच होता. दातुकांची थोरली बहीण रबैनी हिला एक मुलगा, दरविस, आणि एक मुलगी, युस्निमार. युस्निमारला साऱ्या मुलीच. त्यामुळे त्या घरात पगडीला पुढचे डोके दरविसचेच होते, आणि हे दरविस जाणून होता. वय चाळिशीच्या पलीकडे, बाजारात कापडाचे दुकान, रात्रीला सगळ्या पुरुषांप्रमाणे बायकोच्या घरी मुक्काम, आणि दिवसभर रीतीभातींचा काथ्याकूट. रीतीचा असा मुद्दा नसेल ज्यावर त्याच्यापाशी उत्तर तयार नाही, आणि त्या उत्तरावरचा आक्षेपही तयार नाही. हे सारे त्याला मामांनीच शिकवले होते. लहानपणी भाताच्या बांधावरून पुढे मामा आणि मागे तो, असे चालत मामा सभेतली भाषणे म्हणत आणि पोर त्यांच्या पावलावर पाऊल टाकीत ती घोकी. “मामा, पुढं?” “मामा, ही ओळ परत.” तेव्हा तो त्यांना मामाच म्हणे. पुढे दुकान थाटल्यावर आणि सभेत मागच्या ओळीत बसू लागल्यावर त्याने घरातही त्यांना दातुक म्हणण्यास आरंभ केला. पदाचा मान घरापासून सुरू व्हावा, असे त्याचे मत होते. मामांनी पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा तोंडाशी नेलेला विडा त्यांनी क्षणभर तसाच धरला, “बरं,” म्हणाले, आणि विडा तोंडात घातला.

मंगळवारी सकाळी दरविस, त्याच्या बहिणीचा नवरा कासिम आणि शेजारच्या कुळातले दोघे पुरुष शोधाला निघाले. दातुक विधुर, कधी मशिदीलगतच्या पडवीत निजत, कधी घळीतल्या आपल्या झोपडीत, म्हणून सोमवारची रात्र कोणाला खटकली नव्हती. रानाच्या तोंडाशी पोचताच कासिमने दोन्ही हातांची नळी करून तोंडाशी नेली, आणि दरविसने त्याचा हात धरून खाली ओढला.

“काय म्हणून हाक मारणार आहात, भाऊजी?”

“काय म्हणून म्हणजे? दा…”

“इथं? रानात?”

कासिमने जीभ चावली. या डोंगरात वाघाला कोणी वाघ म्हणत नाही. रानात पाऊल ठेवले की तो दातुक. आणि या झाडीत दातुक अशी आरोळी ठोकली, तर ओ कोण देईल याची हमी घेणारा माणूस अजून जन्मायचा होता.

“मग मार्जुकी म्हणून मारू?”

“पगडीवाल्या माणसाला जन्माच्या नावानं? परक्या कुळाच्या देखत?”

“परक्या कुळानं कानात बोटं घालावीत. आणि होईल दंड तर होऊ दे. एक बकरं कापू की. म्हातारा सापडला तर बकरं महाग पडणार नाही.”

“प्रश्न बकऱ्याचा नाही, पायंड्याचा आहे.”

“दादा, तुम्ही म्हणाल तसं,” कासिम म्हणाला. “मी जावईमाणूस. तुमच्या घरात माझ्या शब्दाला मांजराएवढीही किंमत नाही. पण मांजर निदान म्याव तरी करतं.”

शेजारचे दोघे हसले. दरविस हसला नाही. त्याने बांबू तोडवले, आणि ते एकमेकांवर बडवीत, अधूनमधून थांबून कानोसा घेत, चौघेही दरडीपर्यंत गेले. वाट तिथे संपली होती. डोंगराची सालच निघाली होती; ओल्या तांबड्या मातीवरून अजून धोंडे घरंगळत होते आणि मुळासकट उपटलेली झाडे घळीत उलटी लोंबत होती. पलीकडच्या अंगाला, झाडीच्या आत कुठेतरी, दातुकांची झोपडी. दुपार टळेपर्यंत त्यांनी बांबू बडवले. उत्तर आले नाही, आणि वरच्या कड्याने वळसा घालायला उजेड उरला नव्हता.

वास आला तो त्याच संध्याकाळी.

मगरिबची नमाज झाली होती. नगरसभेतले ज्येष्ठ, दातुक राजो लेलो, समाचाराला येऊन ओसरीवर बसले होते. घळीकडून वारा सुटला. जो तो, हे आपल्यालाच जाणवते की काय, म्हणून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला. मग आत युस्निमारने भाताचे भांडे चुलीवरून उतरवले आणि खिडक्या लावून घेतल्या. वास खिडकीने अडण्यासारखा नव्हता. कुजलेले मांस, त्याखाली सडक्या मासळीचा उग्रपणा आणि अगदी तळाशी काहीसा गोडवा. तो एकसारखाही नव्हता. येई, ओसरे, आणि मागच्यापेक्षा जास्त जोराने पुन्हा येई.

“मढफूल असेल,” कासिम म्हणाला.

“काय असेल?” राजो लेलोंनी विचारले.

“बांकाईचं फूल. पूर्वी पलुपुहच्या रानात आलं होतं, तेव्हा माझ्या आत्याच्या घरी आठवडाभर कुणी मटण शिजवलं नाही.”

दरविस मान खाली घालून बसला होता. त्याने ती वर केली, आणि त्याचा आवाज, सभेत असतो तसा, सम आणि स्पष्ट लागला.

“भाऊजी, तुमचं म्हणणं खोटं ठरावं असं या घरात माझ्याइतकं कुणालाच वाटत नसेल, तरी ऐका. या घळीत ते फूल कुणी पाहिलेलं नाही. मी नाही, आईनं नाही, दातुकांच्या तोंडूनही मी कधी ऐकलं नाही. हा एक मुद्दा. दुसरा शब्दाचा. आपल्या वाडवडलांनी शब्द सैल वापरले नाहीत. ढोर मेलं तर बांकाई, माणूस मेला तर मयत. फुलाला त्यांनी बांकाई म्हटलं, मयत म्हटलं नाही. म्हणजे त्याला ढोराचा वास येतो. आता हा वास घ्या. बंडाच्या सालात नदीतून वाहत आलेली माणसं मी या हातांनी बाहेर काढली आहेत. हा वास मला ठाऊक आहे.” तो थांबला. “ही मयत आहे.”

सरकारविरुद्धच्या त्या बंडाला सोळा वर्षे उलटली होती, तरी बंडाच्या सालाचे नाव निघाले की नगरीत सारेच गप्प बसत.

रबैनी एवढा वेळ खांबाला टेकून सुपारी कातरत होती. ती म्हणाली, “माझ्या नाकाला एवढंच कळतंय की काहीतरी कुजलंय. ढोर की माणूस, हे नाक सांगत नाही रे बाबा.”

“आई, तुझं मन मानत नाही, म्हणून नाक मानत नाही.”

तिचा अडकित्ता थांबला.

राजो लेलोंनी घसा साफ केला. वास जर अशा टोकाला पोचला असेल, तर मयत घरी आणून ठेवता येणार नाही. घळीतून थेट कबरीकडे न्यावे लागेल. आणि कबर बुजण्यापूर्वीच, उघड्या तांबड्या मातीवर, पगडी पुढच्या डोक्यावर चढली पाहिजे. ती वेळ चुकली तर बिरूद घडी घालून पेटीत जाते, आणि म्हैस कापून साऱ्या नगरीला जेवण घालण्याइतकी ऐपत घराला येईल तेव्हाच पुन्हा बाहेर निघते. तोवर सभेतली त्या कुळाची जागा रिकामी. एका कुळाचे बिरूद असेच पेटीत पडून कसरीने खाल्लेले साऱ्यांनी पाहिले होते. म्हणून ठरले ते असे: पहाटे कबर खणायची, मयत येण्याआधीच पगडीचा विधी उरकायचा, आणि वारसाने स्वतः वरच्या कड्याने वळसा घालून घळीत उतरून मामाच्या मयतीला पहिला हात लावायचा.

दरविस मागच्या दारी पाण्याच्या हौदाशी गेला आणि तिथे, कोणी पाहत नाही अशा जागी, रडला. ते रडणे खरे होते. पण रडता रडताच त्याच्या ध्यानी आले, की आपण स्वीकाराच्या भाषणाची पहिली ओळ जुळवीत आहोत. त्याने ती ओळ टाकून दिली. ती परत आली, आणि परत आली ती आधीहून नीटस होऊन आली.

बुधवारी सकाळी, दरविसच्या आजीच्या कबरीशेजारी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर, तांबड्या मातीच्या ढिगाशी उभे राहून राजो लेलोंनी घोषणा केली आणि पगडी दरविसच्या डोक्यावर ठेवली. दरविसने भाषण केले. तो कोठेही अडखळला नाही. उपमा जागच्या जागी पडल्या, वाक्यांचे तोल सांभाळले गेले, आणि दोघा-तिघा म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. रबैनी बायकांच्या घोळक्यात उभी होती. तिने मुलाकडे पाहिले, खड्ड्याकडे पाहिले, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला.

मग जनाज्याची खाट, कफनाचे कापड आणि कापराची पुडी घेऊन चौघेजण निघाले. पगडी काढून जावे असे दरविसला वाटले होते. पण विधी पूर्ण होईपर्यंत ती उतरवता येत नाही, असे त्यानेच पूर्वी कोणाला तरी बजावले होते.

वरच्या कड्यावरून उतरताना फांद्या पगडीला अडकत होत्या आणि तो मान वाकडी करून त्या चुकवीत होता. वास आता काल संध्याकाळपेक्षा जवळचा होता. लाटेसारखा येत होता आणि मधल्या वेळात रानाचा ओला, हिरवा वास परत मिळत होता. माश्या वाढल्या. घळीच्या तळाशी आल्यावर कासिमने खाट खाली ठेवली आणि नाकाला पंचा बांधला.

“दादा, पहिला हात तुमचा. आम्ही इथं थांबतो. हाक मारा, येतो.” मग त्याच्या तोंडून निघून गेले, “निदान आम्हाला तरी मारा.”

दरविस एकटा पुढे गेला.

दरड पडताना घळीतली दोन मोठी झाडे घेऊन गेली होती, आणि जिथे वर्षानुवर्षे संधिप्रकाशच असायचा तिथे आभाळाचा एक तुकडा उघडा पडला होता. त्या उजेडात काहीतरी उभे होते. पहिल्या क्षणी दरविसला ते माणसासारखे वाटले. कोणी अंगाभोवती पांघरूण घेऊन उभा असावा तसे, आणि त्याच्या काळजाने ठाव सोडला, कारण मयत उभी राहत नाही. दुसऱ्या क्षणी त्याला उंची उमगली. ते माणसापेक्षा उंच होते. पगडी घातलेला एक दरविस, त्याच्या खांद्यावर आणखी एक लहानसा दरविस, एवढे उंच. आणि ते जमिनीतून निघाले होते, देठाचे नाव नाही, फांदी नाही, पान नाही, जणू पृथ्वीनेच आपल्या मनातली एखादी गोष्ट एका दमात उभी केली होती.

मध्ये फिकट पिवळा, सुरकुतलेला खांब वर निमुळता होत गेलेला. त्याच्याभोवती एकच एक पाकळी, लग्नातली राजछत्री उलटी करून रोवावी तशी चहूकडे पसरलेली. बाहेरच्या अंगाला ती हिरवट पांढरी. आत मात्र रंग होता तो ताज्या कलेजीचा, इतका गडद, इतका ओला, की त्याला फूल म्हणावे की उघडलेले शरीर, हे डोळे ठरवू शकत नव्हते. तिच्या उभ्या चुण्या तळापासून काठापर्यंत गेलेल्या, एकीला लागून दुसरी, आणि काठाशी त्यांची झालर झालेली. अशा चुण्या दरविसने जन्मभर पाहिल्या होत्या. त्या पगडीच्या चुण्या होत्या. कापडाच्या व्यापाऱ्याला कापडाची घडी कळते. ही घडी कोणत्याही हाताने घातलेली नव्हती, आणि हाताने घातलेली प्रत्येक घडी हिच्यापुढे कच्ची होती.

काळे किडे त्या कलेजीच्या भिंतीवरून खाली उतरत होते, घसरत होते, पुन्हा चढत होते. ते मेलेले जनावर शोधत आले होते. आणि फसून आले होते, जसा तो आला होता. एवढा विचार मात्र दरविसच्या मनात उमटला. त्यापुढे काही उमटेना. ज्या डोक्यात प्रत्येक प्रसंगाचे वाक्य आधीपासून घडी घालून ठेवलेले असे, तिथे आज एकही वाक्य सापडेना. तेवढ्यात नवी लाट आली. त्या उभ्या गोष्टीने श्वास सोडावा तसा तो वास त्याच्या तोंडावर आला. त्याने नाक दाबले नाही. त्याला भय वाटले. त्या भयात किळस उरली नव्हती. बांधावरून चालताना पहिल्यांदा डोंगरामागून पुराचा आवाज ऐकला होता, तेव्हाचे ते भय होते; आणि त्या वेळी तोंडून जो शब्द निघाला होता तोच, त्याच चिरक्या आवाजात, आताही निघाला.

“मामा!”

“ओ,” फुलाच्या पलीकडून आवाज आला. “इकडं ये. त्या बाजूनं नको, चिखल आहे.”

फुलाला वळसा घातल्यावर दिसले ते असे: नीरेची मडकी ठेवायची एक फळी, तिच्यावर बसलेले मामा, उजव्या पायाचा घोटा भोपळ्यासारखा सुजलेला, हातात गुळाचा खडा.

“काय मोठ्यानं ओरडलास,” मामा म्हणाले. “मी काय बहिरा आहे?”

“तुम्ही… तुम्ही जिवंत आहात.”

“आता तू म्हणतोस तर आहे.” त्यांनी डोळे बारीक केले. “पगडी कुणाची रे ती?”

“तुमची.”

“माझी तर पेटीत आहे.”

“होती.”

मामांनी पगडीकडे पाहिले, मग भाच्याच्या चिखलाने भरलेल्या पायांकडे. ते जन्मभर सभेत बसलेले गृहस्थ. उरलेले त्यांना विचारावे लागले नाही.

“कबर खणली?”

“हो.”

“कुठं?”

“आजीच्या शेजारी.”

“जागा चांगली आहे,” मामा म्हणाले. त्यांनी गूळ चघळला. “भाषण कसं झालं?”

“बरं झालं.”

“अडखळलास कुठं?”

“नाही.”

मामांनी मान डोलावली. शिकवलेले वाया गेले नाही म्हणून, की आणखी कशासाठी, हे दरविसला वाचता आले नाही. तो त्यांच्या पायाशी बसला.

“काल दिवसभर आम्ही दरडीपलीकडं होतो. तुम्ही ओ का दिली नाही?”

“कशाला ओ देऊ? बांबू बडवत होतात. मला वाटलं डुकराच्या शिकारीचा हाका चाललाय. हाक्यात माणसानं हलू नये, भाला बसतो. म्हणून गुपचूप बसून राहिलो.” मग जरा थांबून म्हणाले, “हाका ऐकला मी. हाक कुणी मारलीच नाही.”

“दातुक म्हणून रानात ओरडता येत नाही.”

“नाहीच येत.”

“आणि जन्माचं नाव…”

“तेही नाही.” मामांनी गुळाचा उरलेला खडा त्याच्या हातावर ठेवला. “खा. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाहीस.”

दरविसने गूळ तोंडात घातला. वासाच्या त्या लाटांत गूळ गोड लागला, याचे त्याला पुढे फार दिवस नवल वाटत राहिले.

“हा कंद इथं कधीचा आहे,” मामा फुलाकडे बघत सांगू लागले. “वर्षाला एकच पान काढायचा, छत्रीसारखं, झाडाएवढं. त्याच्या सावलीत मी मडकी ठेवायचो. मग पान वाळलं आणि बराच काळ काही नाही. रमजान जवळ आला तसा कोंब आला, तो पानाचा नव्हता. रोज चार बोटं वाढायचा. नीरा काय, निमित्त होतं. मी हे बघायला येत होतो. सोमवारी दरडीच्या आवाजाला पळालो आणि घोटा मुरगळला, मग इथंच बसलो. काल दुपारी ही चुण्यांची कड सुटायला लागली. सावकाश. नजर तिच्यावर ठेव, हललेली दिसत नाही. नजर काढून परत बघ, तर हात मावेल एवढी उघडलेली. अंधार पडला तसा वास सुटला, आणि वरच्या टोकातून वाफ निघायला लागली. खरंच वाफ. पहाटेच्या म्हशीच्या नाकातून निघते तशी. ते तापलं होतं, दरविस. हात लाव.”

दरविसने हात लावला. खांब खरखरीत होता आणि अजून कोमट होता. ताप उतरत आलेल्या लेकराच्या अंगासारखा.

“कुणाला सांगितलं का नाहीत?”

“तुला सांगणार होतो. पण तू सभा बोलावली असतीस.”

दरविसने पगडी काढून मांडीवर घेतली. तिच्या चुण्यांवरून त्याने अंगठा फिरवला आणि मग समोरच्या चुण्यांकडे पाहिले. माश्यांचा आवाज येत होता. एक किडा खाली कलेजीच्या अंधारात उतरला आणि दिसेनासा झाला.

“आज संध्याकाळपर्यंत मिटेल,” मामा म्हणाले. “मग वाकेल, कोसळेल. परत येईल तेव्हा मी नसेन. तू ये बघायला.”

पलीकडून कासिमची हाक आली. रान आहे याची त्याने भीड धरली नव्हती. “दादा! अहो दादा! मयत सापडली का?”

“सापडली!” मामांनी ओरडून उत्तर दिले. “भूक लागली आहे म्हणते!”

पलीकडे उचललेली खाट आपटल्याचा आवाज झाला, आणि शेजारच्या कुळातला एकजण मोठमोठ्याने कलमा म्हणू लागला.

त्या घोट्याने मामांना चढ चढणे शक्यच नव्हते. म्हणून मयतीसाठी आणलेल्या खाटेवरच त्यांना बसवले, कफनाच्या कापडाने पाय बांधला, आणि चौघांनी खांदा दिला. “डोक्यावर घाल ती, हात मोकळे राहतील,” असे मामांनी सांगितल्यावर दरविसने पगडी पुन्हा घातली. कड्यावर पोचल्यावर त्याने एकदाच मागे वळून पाहिले. खाली उजेडाच्या त्या तुकड्यात ते फूल उभे होते, कोणाची वाट न पाहता.

कबरीभोवतीची मंडळी आधी उभी राहिली, मग मागे सरकली, आणि मग एकदम बोलू लागली. मशिदीच्या खतीबाने मामांच्या हाताला हात लावून पाहिला. युस्निमार हसत होती आणि रडत होती. राजो लेलो मात्र खड्ड्याच्या काठावर जसेच्या तसे उभे होते, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

“आनंदाची गोष्ट आहे,” ते म्हणाले, “पण पेच आहे. तांबड्या मातीवर उच्चारलेला शब्द मागे घेता येत नाही. आणि एका बिरुदाला दोन जिवंत माणसं असू शकत नाहीत. शिवाय खणलेली कबर उपाशी ठेवायची नसते. हे तिन्ही कसे सोडवायचे?”

“कबरीचं सोपं आहे,” कासिम म्हणाला. “माणूस नसला की केळीचा खांब पुरतात. आत्ता तोडून आणतो.” आणि तो निघालाही.

खाटेवरून मामा म्हणाले, “बिरुदाचंही सोपं आहे. माझा पाय गेला. सभेच्या पायऱ्या आता चढवत नाहीत. हयातीत, राजीखुशीनं, पगडी भाच्याला दिली असं समजा. रीतीला चालतं.”

“रीतीला चालतं,” राजो लेलो म्हणाले, “घरच्या बाईची संमती असेल तर.”

सगळ्यांनी रबैनीकडे पाहिले. दरविसनेही पाहिले. ही एक मान डोलली, की ज्यासाठी त्याने अर्धे आयुष्य वाक्ये घोकली होती ते सारे त्याचे होणार होते. आणि आज प्रथमच, ती डोलावी की नाही, यावर त्याच्यापाशी युक्तिवाद नव्हता.

रबैनी पुढे आली. तिने आधी भावाच्या घोट्याला हात लावून पाहिला.

“सापडलास कसा रे?”

“हाक ऐकू आली, ताई.”

“काय म्हणून मारली?”

“मामा म्हणून.”

ती दरविसकडे वळली. “आणि काल?”

दरविसच्या ओठांवर दोन्ही कारणे आली, वाघाचे आणि बिरुदाचे. दोन्ही बरोबर होती. त्याने ती सांगितली नाहीत.

“काल बांबू बडवले, आई.”

“मामाला मामा म्हणायला रानाची बंदी आहे?”

“नाही.”

“सभेची?”

“नाही.”

“आणि ते होतं काय, ज्याचा एवढा वास सुटला?”

दरविसने तोंड उघडले. नगरीतले सारे म्हातारे त्याच्या तोंडाकडे पाहत होते, कारण वर्णन करावे ते त्यानेच. त्याने हात वर नेला, जेवढी उंची दाखवायची होती तिथवर तो पोचेना, म्हणून टाचा उंचावल्या. मग हात खाली आणला.

“सांगता येत नाही, आई. बांकाई होती. मयत नव्हती. मी चुकलो.”

तेवढ्यात कासिम केळीचा हिरवा, ठिबकणारा खांब खांद्यावर घेऊन आला आणि त्याने तो खड्ड्याच्या काठावर टाकला. रबैनीने त्या खांबाकडे पाहिले, पगडीकडे पाहिले, आणि राजो लेलोंना ऐकू जाईल अशा आवाजात, पण मुलाकडे बघत, निवाडा दिला.

“ज्या कबरीवर ही पगडी बांधली तिच्यात हा केळीचा खांब जाणार. शब्द मागे घ्यायचा नसेल तर घेऊ नका. दरविस वारस झाला तो या खांबाचा. माझा भाऊ जिवंत आहे. उतरव ती पगडी.”